भोंगा

तोंडातल्या नळीची पट्टी बदलताना दिसले,
ओठाच्या डाव्या कोपऱ्यात
मोहरीएवढे चार फोड, एकमेकांना चिकटून.
रात्रीचे पावणेतीन. अतिदक्षता विभाग, खाट सहा.
देओलिंदा, वय चौऱ्याहत्तर,
आतडं फुटून आलेली. आज नववा दिवस.

मी टॉर्च धरून पाहत राहिले.
नऊ दिवस या बाईचं सगळं आम्हीच करतोय:
श्वास यंत्र घेतं, लघवी पिशवी मोजते,
रक्तदाब थेंबाथेंबावर तोललेला,
डोळ्यांवर मलमाची साय.
तिचं स्वतःचं असं काही घडलंच नव्हतं.
घडलं ते हे.

दुपारी लेक येते, फिलोमेना.
हातमोज्यातून आईची बोटं चोळत सांगते:
इथेच, मातोझिन्योशला, सार्डिनच्या कारखान्यात
आई चौदाव्या वर्षी लागली.
पाळी घड्याळाची नव्हती. होड्या आल्या की भोंगा,
मग मध्यरात्र का असेना.
प्रत्येक कारखान्याचा सूर निराळा.
गल्लीतल्या शंभर झोपलेल्या बायकांतून
ज्यांचा भोंगा त्याच उठायच्या,
बाकीच्या कूस बदलायच्या.
एप्रन उशाशी घडी करून ठेवलेला.
मासा वाट बघत नाही, म्हणायची आई.

मला वाटतं, हाही तसाच निजला होता.
ती दीड-दोन वर्षांची असेल, कुणा मावशीने
कामावर निघता निघता मुका घेतला असेल,
खारट, घाईचा;
त्या मुक्यातून हा आत आला
आणि कानापुढे, कवटीच्या तळाशी,
मज्जातंतूच्या एका गाठीत जाऊन पडला.
नागिणीचा चुलत भाऊ. बहात्तर वर्षं.
भाडं नाही, तक्रार नाही.
तिचं लग्न झालं, तीन मुलं झाली, त्यातलं एक गेलं,
कारखाना बंद पडला, तिथे काचेच्या इमारती आल्या.
कधी तापात, कधी कडक उन्हात
हा ओठापर्यंत येऊन डोकावला असेल,
पहाऱ्याने हटकलं की माघारी.

आता पहाराच पांगलाय.
शिपाई सगळे पोटातल्या आगीकडे धावले,
परतले ते भिंतीला टेकून बसलेत.
कुठेतरी भोंगा वाजला.
आम्हाला ऐकू आला नाही,
मॉनिटरच्या हिरव्या रेषेलाही नाही.
ज्याचा होता तो उठला.

सकाळी फुप्फुसातलं पाणी तपासायला गेलं.
उत्तर आलं: तिथेही आहे, लाखांनी.
आणि रक्तात आणखी एक, दुसऱ्याच गल्लीतला,
अजून डोळे चोळत असलेला.

डॉक्टर आब्रांतिश कागद दोनदा वाचतात.
हा आरोपी, की साक्षीदार?
फुप्फुस याने नासवलं,
की नासलेलं पाहून हा बाहेर पडला?
औषध आहे, पण मूत्रपिंडं आधीच कुरकुरताहेत.
थांबलो तर कदाचित आपणच निजेल.
कदाचित म्हणताना ते चष्मा पुसतात.
चष्मा स्वच्छच असतो.

शेवटी दिलं. तोलून, सावकाश,
भरपूर सलाइनबरोबर.
बरोबर केलं का, हे मला कुणी विचारलं नाही,
मीही कुणाला विचारलं नाही.

चौदाव्या दिवशी फोडांवर खपली धरली.
यंत्रावरचा ऑक्सिजन जरासा कमी करता आला,
दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढवावा लागला.

फिलोमेनाने खपली पाहिली आणि
इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.
म्हणाली, अगं, हे तर मलाही उठतं,
अगदी इथेच, डाव्या बाजूला,
शाळेत परीक्षा आली की हमखास.
मग गप्प झाली. बोट स्वतःच्या ओठाशी नेलं,
हातमोजा आहे हे आठवून मध्येच थांबवलं.

मुका घेऊ का, तिने विचारलं.
कपाळावर घ्या, मी म्हटलं,
आणि पडदा ओढून घेतला.